भिंत विकत घेता येते का? बेंगल्सची आक्रमक फळी आणि चाहत्यांचा वाद

१३ फेब्रुवारी २०२२ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमध्ये सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या हंगामातल्या अंतिम सामन्याचा, शेवटचा मिनिट चालू होता. सिनसिनाटी बेंगल्स रॅम्सपेक्षा तीन गुणांनी मागे होते, दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी चौथा म्हणजे अखेरचा डाऊन होता आणि हवा होता फक्त एक यार्ड. चेंडू क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून डाव चालवणारा खेळाडू, जो बरोच्या हातात आला. तो कोणाकडे फेकायचा हे बरो पाहतो न पाहतो, तोच रॅम्सचा एरन डोनाल्ड समोरच्या गार्डला मागे टाकून त्याच्या अंगावर पोहोचला. डोनाल्डने त्याला धरून गरगर फिरवले, बरोने पडता पडता चेंडू कसाबसा भिरकावला, तो जमिनीवर पडला आणि सामना तिथेच संपल्यात जमा झाला. रॅम्स २३–२० असे जिंकले.

त्या सामन्यात बरो सात वेळा सॅक झाला होता. सॅक म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला चेंडूसकट खाली पाडणे. नियमित हंगामात तो ५१ वेळा पडला होता आणि बाद फेरीच्या चार सामन्यांत आणखी १९ वेळा, म्हणजे एकूण ७० वेळा. आदल्याच हंगामात, नोव्हेंबर २०२० मध्ये, त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. त्यामुळे मार्च उजाडला तेव्हा सिनसिनाटीत एकच विषय होता: बरोपुढची फळी बदला, आणि त्यासाठी लागतील तेवढे पैसे मोजा. मी ओहायोत राहते. त्या महिन्यात दुकानाच्या रांगेत, कार्यालयात, मुलांना शाळेतून आणताना, जिथे दोन माणसे थांबली तिथे हाच वाद ऐकू येत होता. पुण्याहून भाऊ फोनवर विचारी, की मैदानाच्या मधोमध उभे असलेले ते पाच धिप्पाड लोक करतात तरी काय, आणि त्यांच्यावरून एवढी भांडणे कशासाठी? त्याला जे तुकड्यातुकड्यांत सांगत आले, ते इथे सलग मांडते आहे.

आक्रमण करणाऱ्या संघाच्या ११ खेळाडूंपैकी पाच जण आक्रमक फळीत, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये असतात. मधोमध सेंटर असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गार्ड आणि टोकांना दोन टॅकल. चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देऊन डाव सुरू करण्याचे काम सेंटरचे. धावण्याचा डाव असेल, तर या पाच जणांनी समोरच्यांना रेटून वाट मोकळी करायची. पासचा डाव असेल, तर साधारण अडीच-तीन सेकंद कोणालाही क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचू द्यायचे नाही. ठरावीक अपवाद सोडले तर त्यांनी पास झेलायचा नसतो, त्यामुळे गुणफलकावर त्यांचे नाव जवळपास कधीच येत नाही. दहीहंडीत कॅमेरा हंडी फोडणाऱ्या गोविंदावर असतो. सगळा भार ज्यांच्या खांद्यांवर आहे तो तळचा थर मात्र माना खाली घालून उभा असतो, आणि तो हलला तरच लोकांचे लक्ष त्याच्याकडे जाते. या पाच जणांचे तसेच आहे.

या कामातला सर्वांत अवघड भाग ताकदीचा नाही, तो एकमेकांच्या अंदाजाचा आहे. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी मला तो दाखवला. ते सामन्याचे चित्रण थांबवून पडद्यावर बोट ठेवत आणि म्हणत, चेंडूकडे पाहू नकोस, या उजव्या गार्डच्या पायांकडे पाहा. एका डावात बचाव करणाऱ्या संघाचे दोघे जण एकमेकांना ओलांडून जागा बदलतात. आतला बाहेर जातो आणि बाहेरचा त्याच्या पाठीमागून आत घुसतो. याला स्टंट म्हणतात. अशा वेळी गार्डने आपल्या माणसाच्या मागे धावायचे नसते. त्याने तो टॅकलच्या हाती सोपवायचा आणि टॅकलकडून आत येणारा स्वतः घ्यायचा. ही देवाणघेवाण अर्ध्या सेकंदात व्हावी लागते आणि बोलायला वेळ नसतो. टॅकलचा खांदा किती वळला आहे, यावरून गार्डला समजावे लागते. दोघांपैकी एकाने जरी क्षणभर जास्त वाट पाहिली, तरी मधे एक दार उघडते आणि त्यातून सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस सरळ क्वार्टरबॅकवर येतो. कबड्डी खेळलेल्या माणसाला हे लगेच कळेल. साखळी करणाऱ्या दोघांचे हात धरलेले असतात, तरी पकड कधी करायची हे हात सांगत नाहीत. कितीतरी संध्याकाळी एकत्र घालवल्यानंतर ते आपसूक समजू लागते.

याचाच दुसरा अर्थ असा, की ही फळी तिच्यातल्या सर्वांत कच्च्या खेळाडूइतकीच भक्कम असते. पास झेलणारा एखादा खेळाडू बेताचा असेल तर क्वार्टरबॅक दुसऱ्याकडे फेकू शकतो. फळीत मात्र कच्चा दुवा कुठे आहे हे प्रतिस्पर्धी प्रशिक्षक आधीच शोधून ठेवतो आणि आपला सर्वांत चांगला माणूस दिवसभर त्याच्याच समोर उभा करतो. डोनाल्ड त्या अखेरच्या डावात कोणाच्या समोर उभा राहिला, हा योगायोग नव्हता. म्हणून चार उत्तम आणि एक कच्चा यांच्यापेक्षा पाच मध्यम बरे, असे मला वाटते. चाहत्यांच्या वादात हा मुद्दा बहुतेक वेळा नावांच्या गर्दीत हरवतो.

आता बाजाराकडे वळू. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये किमान चार हंगाम खेळलेल्या खेळाडूचा करार संपला, की तो फ्री एजंट होतो, म्हणजे कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो. दरवर्षी मार्चच्या मध्यावर हा बाजार उघडतो आणि त्याआधीच्या दोन दिवसांत बोलणी करायला अधिकृत परवानगी असते, त्यामुळे मोठे व्यवहार बाजार उघडण्यापूर्वीच जाहीर होतात. सॅलरी कॅप म्हणजे प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर लीगने घातलेली मर्यादा. २०२२ साली ती २० कोटी ८२ लाख डॉलर होती आणि त्यात ५३ जणांचा संघ बसवायचा होता.

इथे आक्रमक फळीच्या बाबतीत एक गोम आहे. खरोखर चांगला टॅकल बाजारात येतच नाही, कारण ज्याच्याकडे तो आहे तो संघ त्याला करार संपण्याआधीच बांधून ठेवतो. ते जमले नाही, तर संघाला दरवर्षी एका खेळाडूवर फ्रँचाइझ टॅग लावता येतो. ढोबळमानाने सांगायचे, तर त्या जागेवरच्या सर्वाधिक पगाराच्या पाच खेळाडूंच्या सरासरीइतके वेतन देऊन त्याला आणखी एक वर्ष ठेवता येते. मात्र या हिशेबात टॅकल, गार्ड आणि सेंटर ही एकच जागा धरली जाते. टॅकलचे पगार जास्त असल्याने गार्डवर टॅग लावायचा, तर त्याला टॅकलचा पगार द्यावा लागतो, आणि तो सहसा कोणी देत नाही. परिणामी बाजारात बऱ्यापैकी गार्ड आणि सेंटर मिळतात, पण टॅकल मिळतो तो बहुधा वयाने उतरलेला, दुखापतीतून उठलेला किंवा आधीच्या संघाला काही कारणाने नकोसा झालेला. मार्चमध्ये आपल्या संघाने टॅकल का घेतला नाही म्हणून संतापणाऱ्या चाहत्याने आधी हे पाहावे, की त्या वर्षी घेण्यासारखा होता तरी कोण.

बेंगल्सने त्या मार्चमध्ये तिघांना घेतले. टँपा बेचा गार्ड अॅलेक्स कॅपा चार वर्षांसाठी सुमारे साडेतीन कोटी डॉलरला आला. त्याच्याशी आणि न्यू इंग्लंडच्या टेड कॅरसशी बोलणी अगदी पहिल्याच दिवशी ठरली. कॅरसचा करार तीन वर्षांचा आणि १ कोटी ८० लाख डॉलरचा होता. त्याच आठवड्यात डॅलसने ला'एल कॉलिन्स या उजव्या टॅकलला मुक्त केले आणि बेंगल्सने त्याला लगेच उचलले. डाव्या टॅकलला जोना विल्यम्स आधीपासून होता, आणि डाव्या गार्डची जागा पुढे ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, चौथ्या फेरीत घेतलेल्या कॉर्डेल व्होल्सन या नवख्याला मिळाली.

यावर चाहत्यांत तट पडले, आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात काही ना काही तथ्य होते. एक गट म्हणत होता, की तिघांपैकी एकही तारा नाही. कॅरस आदल्या वर्षी गार्ड म्हणून खेळला होता, मग त्याला सेंटर करणे म्हणजे जुगार नव्हे का? दुसरा गट वर्षभरापूर्वीची जखम उकरून काढी. एप्रिल २०२१ च्या ड्राफ्टमध्ये बेंगल्सची पाचवी निवड होती, समोर पेनेई स्यूएल हा टॅकल उपलब्ध होता आणि संघाने त्याऐवजी जमार चेस हा पास झेलणारा खेळाडू घेतला. स्यूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला. तेव्हा टॅकल घेतला असता तर आज बाजारात जावे लागले नसते, हे त्यांचे म्हणणे. पण चेसने पहिल्याच हंगामात १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणे) मिळवले होते आणि संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला होता. दोघेही खेळाडू अव्वल निघाल्यामुळे हा वाद कधीच मिटणार नाही. तिसऱ्या गटाचे म्हणणे असे, की सॅक हे केवळ फळीचे पाप नव्हे. बरो चेंडू फार वेळ हातात ठेवतो. हे म्हणणे कटू असले तरी मला त्यात बरेच सत्य दिसते. लांब पास हवे असतील तर थांबावे लागते, आणि थांबायचे तर पडण्याची तयारी ठेवावी लागते.

हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात पिट्सबर्गने बरोला सात वेळा पाडले. दुसऱ्या सामन्यात डॅलसने सहा वेळा. दोन सामन्यांत १३ सॅक आणि दोन पराभव. नवी फळी जुन्यापेक्षाही वाईट आहे, पैसे पाण्यात गेले, असे लोक बोलू लागले. उन्हाळ्यात काय घडले होते, ते मात्र फार थोड्यांनी लक्षात घेतले. कॉलिन्स पाठीच्या दुखण्यामुळे सरावशिबिराचा बराच काळ बाहेर होता. जुलैच्या अखेरीस बरोच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती. नव्या पाच जणांनी आपल्या क्वार्टरबॅकसह खऱ्या सामन्याच्या वेगाने एकत्र खेळण्याची पहिली वेळ म्हणजे तो पिट्सबर्गचा सामना होता. शिवाय २०११ च्या कामगार करारापासून हंगामात पूर्ण संरक्षक पोशाखात सराव करण्याचे दिवस १४ वर आणले गेले आहेत. खेळाडूंच्या शरीरासाठी हा नियम हवाच होता, पण त्यामुळे फळीला एकमेकांचा अंदाज यायला बराचसा वेळ प्रत्यक्ष सामन्यांतच खर्च करावा लागतो.

नंतर जे झाले ते पाहण्यासारखे होते. नियमित हंगामात बरो एकूण ४१ वेळा सॅक झाला, म्हणजे पहिल्या दोन सामन्यांनंतरच्या १४ सामन्यांत २८ वेळा. सामन्याला साडेसहा असणारा आकडा दोनवर आला. माणसे तीच होती, प्रशिक्षक तोच होता. बदलले ते एवढेच, की तेच पाच जण आठवड्यामागून आठवडे शेजारी शेजारी उभे राहिले, कॅरसने समोरच्या बचावाची मांडणी ओळखून इतरांना सूचना देण्याचे काम हाती घेतले, आणि बरोही चेंडू लवकर सोडू लागला. डिसेंबरच्या अखेरीपर्यंत पहिले पंधरा सामने हीच पाच नावे सुरुवातीला उतरली. या खेळात एवढे सातत्य दुर्मीळ असते.

मग २४ डिसेंबरला कॉलिन्सचा गुडघा गेला. ८ जानेवारीला कॅपाचा घोटा गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात, बाल्टिमोरविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात विल्यम्सच्या गुडघ्याची वाटी सरकली. पाचांपैकी तिघे गेले. बफेलोच्या बर्फात राखीव खेळाडूंना घेऊन संघ उतरला आणि २७–१० असा जिंकला. चेंडू घेऊन धावणारा जो मिक्सन त्या दिवशी या तात्पुरत्या फळीमागून १०५ यार्ड धावला. पण पुढच्या रविवारी कॅन्सस सिटीत बरो पाच वेळा सॅक झाला. त्यातल्या दोन सॅक ख्रिस जोन्सच्या होत्या, आणि त्यांतली एक सामना बरोबरीत असताना अखेरच्या मिनिटात. चेंडू लाथेने कॅन्सस सिटीकडे सोपवावा लागला, आणि त्यांनी शेवटच्या क्षणांत फील्ड गोल मारून, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून पाठवून, सामना २३–२० असा घेतला. आदल्या वर्षी सुपर बोलमध्ये पराभव झाला तो याच गुणांनी.

म्हणून मी त्या मार्चची खरेदी फसली असे मानत नाही. ती अपुरी होती असे मानते. संघाने पाच माणसे उभी केली. सहावा, सातवा आणि आठवा मात्र आधीचेच राहिले. हंगाम १७ सामन्यांचा असतो, त्यावर बाद फेरी, आणि दर डावाला ज्यांच्या गुडघ्यांवर आणि घोट्यांवर माणसे कोसळतात असे हे खेळाडू. राखीव टॅकलच्या छोट्या कराराची बातमी आली की कोणी मान वर करून पाहत नाही. कॅन्सस सिटीतला तो सामना मात्र अशाच छोट्या करारांवर ठरला.

मार्च २०२३ मध्ये बेंगल्सने उत्तर दिले ते मोठ्या नावाने. कॅन्सस सिटीचा डावा टॅकल ऑर्लँडो ब्राउन चार वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख डॉलरला आला. जोना विल्यम्सला हे रुचले नाही, त्याने दुसऱ्या संघात पाठवण्याची मागणी केली आणि अखेर उजव्या बाजूला खेळला. ब्राउन प्रचंड ताकदीचा आहे, पण त्याची पावले मंद आहेत, हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

ब्राउनच्या करारावरून पैशाचा हिशेब सोपा करून सांगता येतो. त्याला सहीच्या वेळी सुमारे ३ कोटी १० लाख डॉलरचा बोनस मिळाला. ही रक्कम खेळाडूच्या हातात लगेच पडते, पण सॅलरी कॅपच्या वहीत ती चार वर्षांत विभागून, दरवर्षी साधारण ७७ लाख अशी लिहिली जाते. समजा दोन वर्षांनी त्याला काढून टाकले, तर उरलेले दीड कोटी कुठे जात नाहीत. तो संघात नसतानाही ते संघाच्या मर्यादेतून वजा होतात. यालाच डेड मनी म्हणतात. ‘एवढा वाईट खेळतो तर काढत का नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा प्रशिक्षकाच्या हट्टात नसून या वहीत असते. कॅपाच्या बाबतीत ते दिसले. त्याचा खेळ घसरला होता हे २०२४ मध्ये साऱ्यांना दिसत होते, पण त्याला मुक्त केले गेले ते मार्च २०२५ मध्ये, करार जवळजवळ संपत आला आणि बोनसचा थोडाच भाग उरला तेव्हा.

तुलनेसाठी कॅन्सस सिटीकडेच पाहावे. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये त्यांचे दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतीने बाहेर होते आणि टँपाने त्यांना ३१–९ असे हरवले. त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स त्या दिवशी फक्त तीनदा सॅक झाला, पण जवळपास प्रत्येक पासाआधी जिवाच्या आकांताने पळत होता; म्हणून फळी कशी खेळली हे निव्वळ सॅकच्या आकड्यावरून ठरवू नये. त्यानंतर संघाने काय केले? जो थूनी हा गार्ड बाजारातून आठ कोटींच्या पाच वर्षांच्या करारावर आणला. हाच ऑर्लँडो ब्राउन बाल्टिमोरकडून अदलाबदलीत घेतला. क्रीड हंफ्री हा सेंटर दुसऱ्या फेरीत आणि ट्रे स्मिथ हा गार्ड सहाव्या फेरीत निवडला. एक विकत, एक बदल्यात, दोन नवखे. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, नियमित हंगामात ७० सॅक करणाऱ्या फिलाडेल्फियाला याच फळीने सुपर बोलमध्ये माहोम्सला एकदाही पाडू दिले नाही. बाजार विरुद्ध ड्राफ्ट असे भांडण सिनसिनाटीत अजून चालते. कॅन्सस सिटीने दोन्हीकडून घेतले आणि त्या चौघांना दोन हंगाम एकत्र राहू दिले.

फळीचे मोजमाप कसे करावे, हाही वादाचा भाग आहे. प्रो फुटबॉल फोकस ही कंपनी, जिचे मुख्यालय सिनसिनाटीतच आहे, प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक डाव पाहून शंभरपैकी गुण देते, आणि चाहते ते गुण परीक्षेच्या निकालासारखे फेकतात. ईएसपीएन दुसऱ्या तऱ्हेने मोजते: समोरच्याला अडीच सेकंद रोखले की नाही. दोन्ही उपयोगी आहेत, पण स्टंटच्या वेळी चूक गार्डची की टॅकलची, हे त्या डावात कोणाला काय सांगितले होते ते माहीत असल्याशिवाय नक्की ठरवता येत नाही, आणि ते खोलीबाहेर कोणी सांगत नाही.

शेजारचे शिक्षक गुणांकडे पाहतच नाहीत. मार्चमध्ये नव्या कराराची बातमी आली, की ते त्या खेळाडूचे आदल्या हंगामातले दोन सामने शोधतात आणि त्याच्या शेजारी कोण उभा होता, हे आधी पाहतात. गेल्या वेळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा पडदा एका गार्डवर थांबलेला होता. समोरचे दोघे नुकतेच एकमेकांना ओलांडू लागले होते, आणि त्याने आपला माणूस न पाहता डावीकडे सोपवून उजवा हात आधीच बाहेर काढला होता.